पानावर सापडलेली अंडी कोणाची? परसबागेसाठी ओळखपद्धत

वांग्याच्या पानाखाली पिवळी अंडी आणि शेवग्याच्या शेंड्यावर माव्याशेजारी पिवळी अंडी. फोटो काढला तर दोन्ही जवळजवळ सारखीच. पहिली झाडाची पाने खाणाऱ्याची, दुसरी झाड वाचवणाऱ्याची. बहुतेक माणसे रंगावरून ठरवू पाहतात आणि तिथेच फसतात. एकाच किडीचे अंडे घातल्या दिवशी पांढरट, दोन दिवसांनी पिवळे आणि फुटण्याआधी राखाडी दिसू शकते. त्यामुळे रंग सगळ्यांत शेवटी पाहायचा. आधी झाड कोणते, मग झाडावरची जागा, मग अंडी एकेकटी आहेत की गटात, गटात असतील तर कशी मांडली आहेत, आणि त्यांच्यावर काही आवरण आहे का. या क्रमाने गेलात तर परसबागेत सापडणाऱ्या बऱ्याचशा अंड्यांचा गट तरी नक्की कळतो. नेमकी जात कळलीच पाहिजे असे नाही. ठेवायची की काढायची, एवढे कळले तरी काम भागते.

ते खरेच अंडे आहे का?

भेंडीच्या देठावर आणि पानाच्या खालच्या शिरांवर पारदर्शक, पाणीदार मणी दिसतात. तो झाडाचाच स्राव असतो. बोटाने पुसला की ओला डाग पडतो, कवच हाताला लागत नाही. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवरही असेच मणी येतात. नेच्याच्या पानामागे ओळीत बसलेले तपकिरी ठिपके म्हणजे त्याच्या बीजाणूंचे पुंजके. ते शिरांच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असतात. इतकी काटेकोर रांग पानभर कोणताही कीटक लावत नाही.

माव्याजवळ पांढरे कण पडलेले असतात. ती माव्याने टाकलेली कात. आपल्याकडच्या उबदार हवेत मावा अंडी घालतच नाही, माद्या थेट पिल्ले देतात. म्हणून ‘माव्याची अंडी’ शोधण्यात वेळ घालवू नका. फांदीला चिकटलेले तपकिरी, टणक, घुमटाकार फुगवटे नखाने उचकटून पाहा. खाली ओलसर अंग किंवा पिठूळ कण निघाले तर ती खवले कीड आहे. आंब्याच्या किंवा करंजाच्या पानावरच्या गाठी पानाच्याच मांसातून उगवलेल्या असतात, त्या सुट्या होत नाहीत.

एक गल्लत मात्र महागात पडते. सुस्त किंवा मेलेल्या अळीच्या अंगावर अथवा तिच्या शेजारी पांढरे-पिवळे, कापसाळ, लांबट दाणे दिसतात. लोक त्यांना अळीची अंडी समजून चिरडतात. पण अळी अंडी घालत नाही, अंडी घालतो तो पतंग किंवा फुलपाखरू. ते दाणे म्हणजे अळीच्या शरीरात वाढून बाहेर पडलेल्या परोपजीवी गांधीलमाशीचे कोष. त्यांना हात लावू नका.

कुंडीच्या मातीत वाटाण्याएवढे किंवा त्याहून थोडे लहान, पिवळसर पांढरे गोळे झुबक्याने सापडले तर ती गोगलगायीची अंडी असण्याची शक्यता मोठी. ती कीटकाची नसली तरी काढून टाकण्याजोगी आहेत. हळू विरघळणाऱ्या खताचे गोळे मात्र एकेकटे विखुरलेले असतात आणि दाबल्यावर पातळ टरफल फुटून क्षार किंवा पाणी निघते.

पाहण्याची तयारी

दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग पुरेसे आहे, सोनार-घड्याळजी वापरतात तसे. भिंग डोळ्याला टेकवा आणि पान डोळ्याकडे आणा. भिंग हातात धरून पुढे-मागे करत राहिलात तर काहीच स्थिर दिसत नाही. उजेड बाजूने पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की अंड्यावरच्या उभ्या रेघा नाहीशा होतात, आणि ओळख पटवायला नेमक्या त्याच लागतात. फोटो काढताना शेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी ठेवा. पूर्ण झाड, ते पान आणि अंड्याचा जवळून घेतलेला फोटो असे तीन तरी फोटो हवेत. फक्त जवळचा फोटो दाखवून विचारले तर जाणकारालाही सांगता येत नाही.

पाहणी सकाळी करा. पाने उलटी करून पाहा, कारण बहुतेक कीटक अंडी पानाच्या खाली घालतात. कोवळे शेंडे, कळ्यांचे देठ आणि पान उलगडण्याआधीची घडी यांवर जास्त वेळ द्या. जुन्या, जाड पानांवर शोधून फारसे काही हाती लागत नाही. जून ते ऑक्टोबर आठवड्यातून दोनदा पाहणी असावी, कारण पावसाळी दमट हवेत कित्येक किडींची अंडी तीन-चार दिवसांतच फुटतात.

एकेकटी अंडी

लिंबू, कढीपत्ता, मोसंबी यांच्या कोवळ्या पानावर साधारण १ मिलिमीटरचा, गुळगुळीत, फिकट पिवळा गोल मणी एकटाच चिकटलेला दिसला, तर तो लिंबावरच्या फुलपाखराचा किंवा त्याच्या नात्यातल्या बहुरूपी, नीलवंत यांच्यापैकी एकाचा. नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. ही अंडी एकमेकांपासून वेगळी ओळखायच्या फंदात पडू नका, अळी मोठी झाल्याशिवाय ते नीट जमत नाही. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी लहान अळी निघाली की समजा, याच कुळातली. जमिनीत लावलेल्या मोठ्या लिंबाला पाच-दहा अळ्यांचे काही वाटत नाही. कुंडीतला फूटभर कढीपत्ता मात्र एक-दोन अळ्याही बोडका करू शकतात. तिथे जादा अंडी मोठ्या झाडावर हलवा. पान तोडून, त्याचा तुकडा मोठ्या झाडाच्या कोवळ्या पानाला टाचणीने किंवा धाग्याने लावला तरी चालतो. अळी बाहेर आल्यावर आपण होऊन चालत जाते.

याच झाडांवर एक दुसरी, खरी धोकादायक गोष्ट असते. ती जवळजवळ कोणालाच दिसत नाही. सिट्रस सायला या रस शोषणाऱ्या बारीक किडीची अंडी जेमतेम ०.३ मिलिमीटरची, नारिंगी-पिवळी, टोकाला निमुळती असतात आणि न उलगडलेल्या पालवीच्या घडीत दाटीने खोचलेली असतात. फुलपाखराचा मणी पानावर उघड्यावर एकटा, सायलाची अंडी घडीत लपून पुष्कळ. सायला लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवतो, विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना तो चांगला ठाऊक आहे. कढीपत्ता आणि कामिनी या झाडांवरही तो वाढतो. घडीत अशी अंडी दिसली, शेजारी पांढरे मेणाचे धागे सोडणारी पिल्ले असली, तर तो शेंडा खुडून थेट साबणाच्या पाण्यात टाका.

रुईच्या किंवा हळदकुंकू नावाने कुंडीत लावतात त्या झाडाच्या पानाखाली पांढरट, घुमटाकार, उभ्या कण्या असलेले एकटे अंडे म्हणजे प्लेन टायगर फुलपाखरू. बहाव्याच्या कोवळ्या पानावर उभे राहिलेले, उंच, दोन्ही टोकांना निमुळते पांढरे अंडे ‘भटक्या’ (एमिग्रंट) नावाच्या फुलपाखरांचे. तगर आणि कण्हेरीवर गुळगुळीत, हिरवट, गोल आणि फुलपाखराच्या अंड्याहून ठळक मोठे अंडे सापडले, तर त्यातून शेपटीवर शिंग असलेली जाडजूड हिरवी अळी निघेल. तो कण्हेरीवरचा हॉक पतंग. तगर भरपूर वाढलेली असेल तर त्याला राहू द्यायला हरकत नाही.

टोमॅटो, मिरची, हरभरा, झेंडू यांच्या शेंड्याकडच्या पानांवर, कळ्यांवर अर्ध्या मिलिमीटरचे, मळकट पांढरे, उभ्या बारीक रेघांचे एकटे अंडे दिसले तर ती घाटे अळी, टोमॅटोत फळ पोखरणारी म्हणतात तीच. फुटायच्या आदल्या दिवशी त्यावर तांबूस-तपकिरी कडे उमटते. भेंडीच्या कळीवर निळसर झाक असलेले, काटेरी कोरीव कण दिसले तर ती शेंडे व फळे पोखरणारी अळी. ही दोन्ही काढायचीच. अळी एकदा फळात शिरली की वरून काही करता येत नाही.

एकटे असूनही वाचवायचे अंडे म्हणजे सिरफिड माशीचे. माव्याच्या थव्यात आडवे पडलेले, पांढरे, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे पण सुमारे १ मिलिमीटरचे. उभ्या अंड्यांतून हे एक आडवे अंडे लगेच वेगळे दिसते. त्यातून पाय नसलेली चपटी अळी निघते आणि मावा फस्त करत सुटते.

पिवळ्या अंड्यांचे गट: वांग्यावर कोण, माव्याजवळ कोण

परसबागेतल्या सर्वाधिक चुका इथे होतात. ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड बीटल. त्याची मित्र जात माव्याजवळ अंडी घालते. वांग्याचा हड्डा भुंगेरा दिसायला त्याचाच भाऊबंद, पण पाने खातो. दोघांची अंडी पिवळी, लांबट आणि पानावर उभी असतात. गट साधारण १० ते ४० अंड्यांचा.

फरक असा करा. पहिला प्रश्न, तिथे मावा, पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी आहे का? असेल तर ती अंडी बहुतेक मित्राची. ढालकिड्याची मादी आपल्या पिल्लांना अन्न शेजारीच मिळेल अशी जागा निवडते. मावा नाही, झाड वांगे, बटाटा, टोमॅटो किंवा कारल्याचे आहे आणि पानावर शिरांच्या मधला हिरवा भाग जाळीसारखा खरवडलेला आहे, तर हड्डा समजा. दुसरा फरक मांडणीतला. मित्राची अंडी सहसा एकमेकांना खेटून असतात, हड्ड्याची थोडी फटीफटीने. मात्र हे एकट्याने निर्णायक नाही. तिसरा फरक झाडावरच्या भुंगेऱ्यांत: मित्र चकचकीत असतो, हड्डा बारीक केसांमुळे मंद तपकिरी दिसतो आणि त्याच्यावर ठिपके पुष्कळ, बहुधा २८.

तरीही शंका असेल तर दोन-तीन दिवस थांबा, अंडी फुटू द्या. काळसर, लांब पायांचे आणि भराभर चालणारे पिल्लू मित्राचे. फिकट पिवळे, फांद्या फुटलेल्या काट्यांनी भरलेले आणि जागेवरच पान खरवडत बसलेले पिल्लू हड्ड्याचे. ते एवढ्या वयात फार नुकसान करत नाही, म्हणून थांबण्याची किंमत कमी आहे. मित्राची अंडी पुसून टाकली तर मात्र पुढचे महिनाभर मावा तुम्हालाच पुसत बसावे लागेल.

टोपणवाली अंडी

भिंगाखाली प्रत्येक अंड्याला वर गोल टोपण दिसले, बाजू सरळ उभ्या आणि गट षटकोनी आखीव, तर ती ढेकण्यांची, म्हणजे झाडावर राहणाऱ्या, सोंडेने रस शोषणाऱ्या ढेकणांची. हिरव्या ढेकण्याच्या गटात बरेचदा ३० ते १३० अंडी असतात. ताजी फिकट पिवळी, पुढे गुलाबी-नारिंगी होतात. फुटण्याआधी टोपणाखाली एक काळी त्रिकोणी खूण दिसते. टोपण उघडण्यासाठी पिल्लाला असलेले ते अवजार. पिल्ले निघाल्यावर पहिली अवस्था रिकाम्या टरफलांवरच घोळक्याने बसून राहते, काही खात नाही. हा गट पूर्ण उचलायची सर्वांत सोपी वेळ तीच. उशीर केला तर पांगतात आणि शेंगा-फळांत सोंड खुपसायला लागतात.

पण इथेही अपवाद आहे. काही ढेकण्या अळ्या मारून खातात. त्यांची अंडी बरेचदा गडद, धातूसारखी झाक असलेली असतात आणि टोपणाभोवती उभ्या काट्यांचे वलय ठळक दिसते. असा गट सापडला तर काढण्याआधी उबवून पाहा.

लाल ढेकण्या, जे भेंडी-जास्वंदावर एकमेकांना चिकटून फिरतात, त्यांची अंडी पानावर शोधू नका. ती मातीत, पालापाचोळ्याखाली असतात.

केसाच्या टोकावरचे अंडे

पानावर उभा, अगदी बारीक पांढरा धागा आणि त्याच्या टोकावर हिरवट किंवा राखाडी लांबट अंडे. बुरशी समजून पुष्कळ जण पुसतात. ही हिरव्या क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका मित्रकीटकाची अंडी. तिची अळी मावा, पिठ्या ढेकणांची पिल्ले, फुलकिडे खाते. भाऊबंदही सोडत नाही, म्हणूनच मादी एकेक अंडे असे उंच टांगते. यासारखे दुसरे काही परसबागेत नाही, त्यामुळे ओळख चुकण्याचा संभवच नाही. फक्त हात लावू नका.

झाकलेली अंडी

बदामी, लोकरीसारख्या केसांचा चपटा ठिपका पानाखाली दिसला तर तो स्पोडोप्टेराचा, म्हणजे तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा पुंज. मादी आपल्या पोटावरचे केस काढून अंडी झाकते, त्यात दोन-तीनशे अंडी असू शकतात. एरंड, कोबी, फुलकोबी, अळू, झेंडू, गुलाब यांवर पाहा. झाकणामुळे फवारणी आत पोचत नाही, म्हणून पान तोडणे हाच उपाय. मक्यावर राखाडी आवरणाचा पुंज असेल तर अमेरिकन लष्करी अळीचा संशय घ्या. ती भारतात २०१८ मध्ये प्रथम आढळली. काही पतंगांच्या केसांनी हाताला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

कापसासारखा पांढरा पुंजका देठाच्या बेचक्यात असेल तर टूथपिकने उसकटा. आत फिकट पिवळे किंवा गुलाबी कण निघाले तर पिठ्या ढेकणाची अंडी. तो पुंजका चालू लागला तर मात्र थांबा: पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका ढालकिड्याचे पिल्लूही हुबेहूब मेणाने पांढरे असते, फक्त जास्त मोठे आणि चपळ.

पेरू, केळी, नारळ यांच्या पानामागे पांढऱ्या मेणाच्या गोल-गोल फेऱ्या दिसल्या तर चक्राकार पांढरी माशी. नारळावरची रुगोज जात भारतात २०१६ मध्ये प्रथम आढळली आणि आता कोकण-गोव्यातल्या बागांमध्येही आहे.

फांदीवर फेसासारखा पण सुकून टणक झालेला, दोन-चार सेंटिमीटरचा तपकिरी गठ्ठा प्रार्थना कीटकाचा. तो ठेवा. आतली पिल्ले बाहेर येतात ती एकदम, त्या वेळी फांदी घरात असू नये. रेशमी पिशव्या कोळ्यांच्या, त्याही ठेवा.

तुडतुडे आणि फुलकिडे अंडी पानाच्या आत घालतात, फळमाशी फळाच्या सालीखाली. ती दिसणार नाहीत. फळावर सुईने टोचल्यासारखा ठिपका आणि त्यातून आलेला स्राव हीच काय ती खूण.

काळी पडलेली अंडी

एखाद्या गटातली काही अंडी एकसारखी काळी पडली आणि आठवडा उलटला तरी फुटली नाहीत, तर आत ट्रायकोग्रामा किंवा तशाच अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाशा वाढत असतात. फुटायला आलेले निरोगी अंडे याहून वेगळे दिसते: कवचातून पिल्लाचे डोके किंवा डोळे एका बाजूला गडद दिसतात, बाकी भाग फिकट राहतो. पूर्ण काळे म्हणजे परोपजीवी. शेतात वापरतात ते ट्रायकोकार्ड याच तत्त्वावर चालते, एका कार्डावर अशी सुमारे २०,००० अंडी असतात. तुमच्या कुंडीत फुकट मिळालेले असे अंडे ठेवावे, मग ते कितीही हानिकारक किडीचे का असेना.

शंका असेल तर डब्यात उबवा

पानाचा देठ ओल्या कापसात गुंडाळा, पारदर्शक डब्यात कोरडा टिश्यू अंथरून पान ठेवा. अंड्यावर पाणी शिंपडू नका, बुरशी इथूनच सुरू होते. झाकण नीट बसू द्या, बारीक अळ्या आणि गांधीलमाशा सुईच्या छिद्रातूनही निसटतात. दिवसातून एकदा मिनिटभर झाकण उघडले की हवा पुरते. डबा उन्हात किंवा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. तो पाण्याच्या ताटलीत ठेवला तर मुंग्या येत नाहीत. चिठ्ठीवर झाडाचे नाव आणि तारीख लिहा. पान सुकले तर अंडे असलेला तुकडा कापून त्याच झाडाच्या ताज्या पानावर ठेवा, नाहीतर निघालेली अळी खायला न मिळाल्याने दुसऱ्या दिवशी मरते आणि ओळख राहूनच जाते. दहा-बारा दिवसांत काहीच घडले नाही तर अंडी निर्जीव समजा. प्रार्थना कीटकाच्या गठ्ठ्याला मात्र हे लागू नाही, त्याला काही आठवडे लागतात.

निघालेल्या जिवाचे पाय पाहा. पुढे सहा पाय आणि मागे पोटाखाली मांसल खोटे पाय असतील तर पतंग-फुलपाखराची अळी. सहा लांब पाय आणि खोटे पाय नाहीत तर ढालकिडा किंवा क्रायसोपा, विळ्यासारखे जबडे असतील तर क्रायसोपाच. गोलसर अंग, सहा पाय आणि लांब मिशा असतील तर ढेकण्या. पायच नसतील आणि पान मावा असलेले असेल तर सिरफिड. पंख असलेला ठिपक्याएवढा जीव उडत निघाला तर परोपजीवी गांधीलमाशी, डबा झाडाजवळ नेऊन उघडा.

काढायचीच असतील तर

गटातली अंडी असलेले पान तोडून, लिटरभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचे द्रव साबण मिसळलेल्या बादलीत बुडवा आणि दुसऱ्या दिवशीच फेका. तोडून कुंडीतच टाकलेल्या पानावरची अंडी नेहमीसारखीच फुटतात. रोप लहान असून पान गमवायचे नसेल तर मऊ जुन्या टूथब्रशने, खालून बोटाचा आधार देऊन खरवडा. चिकटपट्टी जाड पानावर चालते, कोवळे पान तिच्यासोबत फाटते.

निंबोळी अर्क करायचा तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण टाकून त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. तो नुकत्याच निघालेल्या, खायला लागलेल्या अळ्यांवर चांगला चालतो, कवचाच्या आतल्या जिवावर फारसा नाही. म्हणून अंडी दिसली त्या दिवशी हाताने काढणे, आणि उरलेली फुटायच्या सुमारास फवारणी, असा क्रम ठेवा. ज्या फांदीवर क्रायसोपा, ढालकिडा किंवा काळी पडलेली अंडी आहेत तिला फवारणीतून वगळा.